‘द गेम’चा आठवडा : ओहायो स्टेट–मिशिगन सामना पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठात फिरलात, तर पाट्यांवरचं इंग्रजी ‘एम’ हे अक्षर लाल पट्टीनं खोडलेलं दिसेल. इमारतींची नावं, खोल्यांचे फलक, नकाशे, सगळीकडे. पहिल्या वर्षी मला वाटलं, पोरांनी काहीतरी आगाऊपणा केलाय. मग कळलं की हे दरवर्षीचंच आहे आणि मोठी माणसंही यात हौसेनं सामील असतात. ‘एम’ म्हणजे मिशिगन आणि शनिवारी मिशिगनशी सामना आहे. एवढं कारण पुरतं.

दरवर्षी ऑगस्टात कोलंबसला आणि तिकडे मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बरला मराठी मुलंमुली शिकायला येतात. थंडी पडली की माझ्याकडे तेच प्रश्न येतात. “दादा, ते अमेरिकन फुटबॉलचं नक्की काय असतं? जायचं का? तिकीट केवढ्याला पडतं?” दरवेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकतो. आधी नियम पाठ करा आणि मग सामना बघा, असं मी सांगणार नाही. या सामन्याची निम्मी मजा वाट बघण्यात आहे. शनिवारी दुपारी थेट स्टेडियममध्ये जाऊन बसलात तर ती निम्मी हुकली म्हणून समजा. त्यामुळे तयारी आदल्या रविवारी सुरू करायची.

रविवार : बाजू घ्या

पहिलं काम हेच. ‘मी तटस्थ आहे, खेळ बघायला आलोय’ असं म्हणणाऱ्याला या दोन्ही गावांत कुणी वाईट वागवत नाही, पण मनापासून कुणी जवळही करत नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा, पण ईर्ष्येचा प्रकार हाच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आली की कुठल्या बाजूला बसायचं हे माणूस ठरवत नाही, त्याची पेठ ठरवते. आजोबा ज्या तालमीचे, त्याच तालमीचा नातू. इथंही तसंच आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघाचा मालक उद्या संघ उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. विद्यापीठ कुठं जाणार? आजी १९६०च्या दशकात जिथं शिकली तिथंच नात शिकते आणि दोघींची शनिवारची टोपी एकच. भांडण कशाबद्दल आहे हे विचारण्याआधी हे लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

तुम्हाला पेठ नाही, त्यामुळे सोपं आहे. जिथं शिकताय किंवा नोकरी करताय तिथली बाजू घ्या. ओहायो स्टेटचा रंग लाल आणि राखाडी, मिशिगनचा मक्याच्या दाण्याचा पिवळा आणि गडद निळा. ओहायोवाले स्वतःला ‘बकआय’ म्हणवतात. बकआय हे तिथलं झाड. त्याची बी तपकिरी, वर फिकट ठिपका, हरणाच्या डोळ्यासारखी. मिशिगनवाले ‘वुल्व्हरिन’. तो थंड प्रदेशातला अंगानं बेताचा पण भलताच चिवट प्राणी.

कोलंबसमध्ये कुणी “ओ-एच!” असं ओरडलं की “आय-ओ!” असं उत्तर द्यायचं. विमानतळावर, दवाखान्यात, लग्नातसुद्धा. हे उत्तर न देणं म्हणजे ‘राम राम’ला मान फिरवण्यासारखं आहे. अ‍ॅन आर्बरमध्ये ‘गो ब्लू’ एवढं म्हटलं की भागतं. ‘हॅलो’, ‘बरंय’ आणि ‘येतो मग’ या तिन्हींच्या जागी ते चालतं.

आणि या आठवड्यात कोलंबसमध्ये ‘मिशिगन’ हा शब्द उच्चारायचा नाही. ‘वरच्या अंगाचा तो संघ’ असं म्हणायची पद्धत आहे. जुन्या माणसांसारखं, नाव घेतलं की विटाळ!

सोमवार : थोडा इतिहास

पहिला सामना १८९७ साली अ‍ॅन आर्बरला झाला आणि मिशिगननं तो ३४–० असा जिंकला. १९१८ पासून दरवर्षी सामना होतोय. खंड फक्त २०२० साली, कोविडमुळे. सम वर्षी कोलंबसला, विषम वर्षी अ‍ॅन आर्बरला. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचा गुरुवार झाला की त्यानंतरचा शनिवार, दुपारी १२ वाजता. नाव नुसतं ‘द गेम’. त्या ‘द’वरही ओहायो स्टेटचा इतका जीव की २०२२ साली त्यांनी कपड्यांसाठी या एका शब्दाचा ट्रेडमार्क मिळवला. मिशिगनवाले अजून त्यावर हसतात.

वैर खेळाच्याही आधीचं आहे. १८३५ साली टोलेडोच्या पट्ट्यावरून ओहायो राज्य आणि मिशिगनचा प्रदेश यांनी एकमेकांवर मिलिशिया, म्हणजे नागरिकांच्या फौजा, उभ्या केल्या. लढाई अशी झाली नाही. वॉशिंग्टननं टोलेडो ओहायोला दिलं, मिशिगनला बदल्यात उत्तरेकडचा द्वीपकल्प मिळाला आणि १८३७ मध्ये ते राज्य झालं. तो द्वीपकल्प तेव्हा ओसाड वाटत होता. पुढे तिथं तांबं आणि लोखंड निघालं. आपला बेळगावचा विषय जसा चहाच्या कपावर निघतो तसा टोलेडोचा आज निघत नाही, पण दुखणं कुठल्या जातीचं आहे हे आपल्याला सांगावं लागत नाही.

मात्र तुम्हाला खरोखर माहीत असायला हवीत ती १९६९ ते १९७८ ही दहा वर्षं. इथली माणसं त्यांना ‘दहा वर्षांचं युद्ध’ म्हणतात. ओहायो स्टेटचे कोच वुडी हेज. तापट, जुन्या वळणाचे, इतिहासाचे शौकीन. एकदा मिशिगनमध्ये गाडीतलं पेट्रोल संपत आलं, तेव्हा ‘त्या राज्याला कराचा एक पैसाही देणार नाही, गाडी ढकलत नेऊ’ असं ते म्हणाल्याची आख्यायिका आहे. खरी असो-नसो, कोलंबसमध्ये ती पोथीसारखी सांगतात. १९६९ साली मिशिगननं नवा कोच आणला, बो शेम्बेकलर. तो वुडींचाच चेला, त्यांच्या हाताखाली खेळलेला आणि नंतर त्यांचाच साहाय्यक. त्या वर्षी ओहायो स्टेट देशात पहिल्या क्रमांकावर, ओळीनं २२ सामने जिंकलेलं. अ‍ॅन आर्बरला आलं आणि चेल्यानं गुरूला २४–१२ असं लोळवलं. पुढची नऊ वर्षं दोघं दर नोव्हेंबरला भिडले. दहा वर्षांचा हिशेब : बो ५, वुडी ४ आणि एक बरोबरी.

ती बरोबरी १९७३ची, १०–१०. त्या दिवशी मैदानात उतरताना ओहायोच्या खेळाडूंनी मिशिगनचा मानाचा फलक खाली ओढला होता. मिशिगनचे खेळाडू घरच्या दर सामन्याला त्या फलकाखालून उड्या मारत, त्याला हात लावत मैदानात जातात. रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याला कुणी जायचं ते मग बिग टेन या दोघांच्याच गटातल्या विद्यापीठांच्या क्रीडासंचालकांनी मतदानानं ठरवलं आणि ओहायोला पाठवलं. बो यांनी तो अन्याय जन्मभर मनात ठेवला. २००६ साली दोन्ही संघ अपराजित, एक पहिल्या आणि एक दुसऱ्या क्रमांकावर, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी बो गेले. दुसऱ्या दिवशी ओहायो स्टेट ४२–३९ असं जिंकलं. त्या दिवसाची गोष्ट दोन्हीकडची माणसं आवाज खाली आणून सांगतात.

अलीकडचं थोडक्यात. २०१२ ते २०१९ ओहायो सलग आठदा जिंकलं. २०२१ ते २०२४ मिशिगन सलग चारदा. त्यातला २०२४चा पराभव कोलंबसच्या जिव्हारी लागला : घरचं मैदान, मिशिगनचं वर्ष सुमार, तरी १३–१० असे हरलो. वर मिशिगनची पोरं आमच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला गेली, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. गंमत पुढे आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या बाद फेरीत १२ संघ घ्यायला सुरुवात झाली होती, त्यामुळे हरूनही ओहायोला जागा मिळाली आणि जानेवारी २०२५ मध्ये नोत्र दामला ३४–२३ असं हरवून ते देशाचे विजेते झाले. ‘आता ‘द गेम’ला पूर्वीचं वजन राहिलं नाही, हरलं तरी चालतं,’ असं काही लोक म्हणू लागले. माझ्या शेजारच्या आजोबांना मी हे बोललो. राष्ट्रीय विजेतेपदाची टोपी डोक्यावर असताना ते म्हणाले, “हो, पण त्यांच्याकडून हरलोच की.” नोव्हेंबर २०२५ मध्ये अ‍ॅन आर्बरला आम्ही २७–९ जिंकलो, तेव्हा कुठं त्यांचा चेहरा खुलला.

मंगळवार : तिकीट

विद्यार्थी असाल तर विद्यापीठाकडून मिळणारं सवलतीचं तिकीट हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पण ते हंगामाआधीच घ्यावं लागतं. ऑगस्टात ईमेल येतो, नवी मुलं तो ओरिएंटेशनच्या गडबडीत उघडतच नाहीत आणि नोव्हेंबरात हळहळतात. यंदा हुकलं असेल तर पुढच्या वर्षीसाठी कॅलेंडरवर नोंद करा.

नाहीतर पुनर्विक्रीचं तिकीट. या सामन्याला ते शेकडो डॉलरच्या घरात जातं, हे आधीच मनाशी धरा. तीन गोष्टी सांभाळा. एक, तिकीट मोबाइलवर असतं आणि ते अ‍ॅपमधून तुमच्या नावावर वर्ग व्हायला हवं. कुणी नुसता फोटो पाठवून पैसे मागत असेल तर तो तुम्हाला गंडवतोय, मग तो वर्गातला मित्र का असेना. दोन, कुणा विद्यार्थ्याचं तिकीट घेत असाल तर ते बिगर-विद्यार्थ्याला चालतं का, फरक भरावा लागतो का, हे विद्यापीठाच्या तिकीट खात्याकडून आधी विचारून घ्या. तीन, सामन्याच्या सकाळी भाव पडेल म्हणून काहीजण थांबतात. इतर सामन्यांना ही युक्ती चालते. या सामन्याला मी तरी करणार नाही.

तिकीट नाहीच मिळालं तर? मग बाहेरची जत्रा फुकट आहे. तिच्याबद्दल पुढे येतंय, आणि सांगतो, तेही काही कमी नाही.

बुधवार : नियम, कामापुरते

अर्ध्या तासाचं काम आहे. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा पट्टा, त्याला म्हणतात एंड झोन. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला १० यार्ड पुढे सरकायला चार संधी. एका संधीला ‘डाऊन’ म्हणतात. चारांत १० यार्ड झाले की पुन्हा नव्या चार मिळतात. नाही झाले की चेंडू समोरच्याला. क्रिकेटच्या डोक्यानं बघायचं तर चार चेंडूंत दहा धावा, केल्या की नवी ओव्हर तुम्हालाच. फलकावर ‘थर्ड अँड सेव्हन’ दिसलं तर तिसरी संधी चालू आहे आणि सात यार्ड बाकी आहेत. एवढं वाचता आलं की तुम्ही सामना बघू शकता.

चौथ्या डाऊनला संघ शक्यतो जुगार खेळत नाही. लांब असेल तर चेंडू लाथ मारून पलीकडे धाडतो, तो पंट. गोलखांबांच्या टप्प्यात असेल तर लाथ मारून खांबांमधून घालतो, तो फील्ड गोल, त्याचे ३ गुण. चेंडू घेऊन एंड झोनमध्ये शिरलं की टचडाऊन, ६ गुण, वर लाथेनं एक जादा गुण. लाथेऐवजी पुन्हा एकदा आत शिरून दोन गुण घ्यायचीही मुभा असते.

डाव कसा चालतो हे कळायला क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल चालवणाऱ्या गड्याकडे, बघू नका, असा माझा सल्ला. त्याच्या पुढ्यात वाकून उभे असलेले पाच धिप्पाड गडी बघा. चेंडू निघाल्यावर ते पुढे रेटले जातायत की मागे, यावर बहुतेक सगळं ठरतं. कबड्डीत साखळी धरणाऱ्यांवर नजर ठेवणारा माणूस हा खेळ पहिल्या अर्ध्या तासात पकडतो, हे मी दोन-तीनदा पाहिलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम, तो पुस्तकात नाही. आपल्याकडे चेंडू असताना गप्प बसायचं. समोरच्याकडे असताना ओरडायचं. आपली सवय नेमकी उलटी. आपला फलंदाज स्ट्राइकवर आला की आपण स्टेडियम डोक्यावर घेतो. इथं क्वार्टरबॅकला आपल्या गड्यांना हाका मारून सूचना द्यायच्या असतात. त्या त्यांना ऐकू यायला हव्यात. म्हणून आपल्या पाळीत शांतता, समोरच्याच्या पाळीत बोंबाबोंब, आणि त्यांचं तिसरं डाऊन आलं की छाती फुटेस्तोवर. पहिल्या सामन्यात मी आमच्याच पाळीत ‘चलो, चलो’ करत उठलो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी वळून नुसतं ओठांवर बोट ठेवलं. देवळात लहान मुलाला दटावतात ना, तसं.

वेळ कागदावर १५ मिनिटांचे चार भाग. घड्याळ सारखं थांबतं, त्यामुळे प्रत्यक्षात साडेतीन तास. बरोबरी झाली तर जादा फेऱ्या, त्यात दोघांना आळीपाळीनं समोरच्याच्या २५ यार्डांच्या रेषेवरून संधी. २०१६ साली कोलंबसला दुसऱ्या जादा फेरीत ओहायोला चौथ्या डाऊनला एक यार्ड हवा होता. क्वार्टरबॅक गर्दीत घुसला, पोहोचला की नाही हे पंचांनी इंचांवरून ठरवलं, पोहोचला म्हणाले, आणि पुढच्याच चालीला टचडाऊन होऊन ३०–२७. ‘तो पोहोचला होता का?’ हा प्रश्न दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवून विचारा. जेवण थंड होईल.

टीव्हीवर मैदानावर पिवळी रेघ दिसते, १० यार्ड कुठं पुरे होतात ती. स्टेडियममध्ये ती नसते. तिथं कडेला उभ्या माणसांच्या हातातल्या खांबांकडे बघायचं.

गुरुवार : थँक्सगिव्हिंगचं जेवण

विद्यापीठाला सुट्टी, अमेरिकन मुलं घरी, आपली मुलं रिकाम्या वसतिगृहात मॅगी करत बसलेली. या दिवशी कुणी प्राध्यापक किंवा सहकारी जेवायला बोलावतोच. जा. टर्की खात नसाल तर आधी सांगा, बटाटा, भोपळा आणि क्रॅनबेरीवर पोट भरतं. आणि जाताना बकआय घेऊन जा.

हा ओहायोतला गोड पदार्थ. पीनट बटर, लोणी आणि पिठीसाखर मळून लहान गोळ्या करायच्या, फ्रिजमध्ये घट्ट करायच्या आणि काडीला टोचून वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायच्या. वरचा थोडा भाग उघडा ठेवायचा, म्हणजे बी दिसते. थोडक्यात शेंगदाण्याचा लाडू, चॉकलेटचं धोतर नेसवलेला. माझ्या आईनं इथं आल्यावर पहिला घास घेऊन ‘यात वेलची हवी होती’ म्हटलं, आणि तेव्हापासून मी वेलची घालतो. यजमान काहीतरी वेगळं लागतंय म्हणून दुसरा उचलतात. खऱ्या झाडाची बी मात्र विषारी असते, ती रस्त्यावरून उचलून तोंडात टाकायची नाही.

जेवताना सामन्याचा विषय निघणारच. नवख्यानं दोन विषयांना हात लावू नये : वर सांगितलेला २०१६चा तो यार्ड, आणि मिशिगननं प्रतिस्पर्ध्यांचे इशारे टिपल्याचं २०२३ सालचं प्रकरण. त्यात त्यांच्या कोचला हंगामातल्या शेवटच्या तीन साखळी सामन्यांना मैदानाबाहेर बसावं लागलं, तरी मिशिगन ओहायोला ३०–२४ हरवून देशाचं विजेतं झालं. घरात एकाची सून मिशिगनची असते आणि तिचा तोल सांभाळणं हे टर्की कापण्याहून अवघड काम असतं. तुम्ही फक्त “मला १९५० सालचं ऐकायचंय” म्हणा. त्या वर्षी कोलंबसला असं हिमवादळ झालं की मिशिगननं दिवसभरात एकही फर्स्ट डाऊन, म्हणजे १० यार्ड पुरे करून मिळणाऱ्या नव्या चार संधी, न मिळवता, एकूण २७ यार्ड सरकून ९–३ असा सामना जिंकला. या गोष्टीवर कुणी भांडत नाही. तास निघून जातो.

शुक्रवार : कपडे आणि रस्ता

इथं मी चुकलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी माझ्याकडे एकच जाड जाकीट होतं. भारतातून आणलेलं. गडद निळं. ते घालून मी कोलंबसमध्ये लाल गर्दीत शिरलो. कुणी काही केलं नाही, पण दर पन्नास पावलांना एकजण थांबवून काळजीनं विचारायचा, “मुला, तुला कुणी सांगितलं नाही का रे?” शेवटी एका अनोळखी काकांनी गाडीतून जुना लाल पोंचो काढून दिला आणि परत घेतला नाही. तो अजून आहे माझ्याकडे. तर निळं किंवा पिवळं जाकीट आणलं असेल तर वरून दुसरं काही चढवा. अ‍ॅन आर्बरला जाणार असाल तर लाल टाळा. काळा रंग दोन्हीकडे चालतो.

नोव्हेंबरअखेर पारा शून्याच्या आसपास असतो आणि तुम्ही साडेतीन तास एका जागी असता. चालताना थंडी वाजत नाही. उभं राहिलं की वाजते. सुती कपडा अंगाला लागून नको, तो घामानं भिजतो आणि गार पडतो. आत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं. पायात लोकरीचे मोजे. आणि एक जुनी युक्ती : पुठ्ठ्याचा तुकडा न्या. पायाखाली ठेवा. पायरीच्या काँक्रीटमधून वर चढणारा गारवा बुटाचा तळवा अडवत नाही, पुठ्ठा अडवतो. बाकावर बसायला तसाच आणखी एक. स्टेडियम सोडून दुसरीकडे कुठं पुठ्ठ्याला एवढा मान मी पाहिला नाही.

कोलंबसहून अ‍ॅन आर्बर गाडीनं साधारण तीन तास, वाटेत टोलेडो लागतं. शनिवारी सकाळी निघण्यापेक्षा शुक्रवारी रात्री पोहोचून डेट्रॉईटच्या बाजूला कुणा मराठी घरी मुक्काम करा. पथारी टाकायला जागा मिळते आणि सकाळी पोहे मिळतात. अ‍ॅन आर्बरला स्टेडियमजवळची घरं आपल्या हिरवळीवर गाड्या लावून देतात, पैसे घेऊन. समोरच्या पायोनिअर हायस्कूलच्या आवारातही मोठी जत्रा भरते. कोलंबसला शहरातच राहत असाल तर गाडी काढूच नका. बस किंवा पाय.

शनिवार

सकाळी ८ला घराबाहेर. सामना १२चा असला तरी.

आधी टेलगेटिंग. गाडीची डिकी उघडून तिच्यामागे शेगडी, खुर्च्या, गाणी, खाणं. ओळख नसली तरी ‘ओ-एच’ म्हटलं की हातात काहीतरी येतं. रिकाम्या हातानं जाऊ नका. गरम बटाटेवडे फॉइलमध्ये गुंडाळून न्या. दहा मिनिटांत संपतात आणि पुढच्या वर्षी तुमचीच वाट बघतात. शाकाहारी असाल तर वड्यांवरच तुमचीही न्याहारी होऊन जाते, कारण शेगडीवर बहुतेक सॉसेज आणि चिलीत बीफ असतं. विचारून घ्या, कुणाला राग येत नाही. दारूबद्दल एकच : २१ पूर्ण नसतील तर हातात ग्लासही धरू नका. व्हिसावर आहात, पोलिसांच्या नोंदीतली छोटी गोष्टही पुढच्या अर्जात विचारली जाते.

कोलंबसला असाल तर बँड चुकवू नका. मी फुटबॉलसाठी गेलो आणि बँडसाठी परत जात राहिलो. सव्वादोनशेच्या आसपास वादक, फक्त पितळी वाद्यं आणि तालवाद्यं; बासरी-क्लॅरिनेट काही नाही. ज्यानं ढोल-ताशा पथकात टोल घेतलेत त्याला ती शिस्त बघून गहिवरून येईल. सामन्याआधी दोनेक तास त्यांची जाहीर तालीम असते. ती फुकट असते. वेळ आणि ठिकाण आदल्या दिवशी बघून ठेवा. मग मैदानात ते एका रांगेत फिरत फिरत एकमेकांना जोडलेल्या वळणदार इंग्रजी अक्षरांत ‘ओहायो’ लिहितात. ही प्रथा १९३६ पासूनची. शेवटी ‘आय’वरचा ठिपका राहतो. तो द्यायला सूझाफोन हे अवाढव्य वाद्य अंगावर घेतलेला एक जण गुडघे उंच उचलत येतो आणि स्टेडियमच्या दोन्ही बाजूंना कमरेत वाकून मुजरा करतो. लाखभर माणसं एका ठिपक्यासाठी उभी राहतात.

लाखभर हा अंदाज नव्हे. ओहायो स्टेडियम १९२२चं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, क्षमता १,०२,७८०. मिशिगन स्टेडियम १९२७चं, क्षमता १,०७,६०१. वानखेडे तीनदा भरेल एवढी माणसं. मिशिगनचं स्टेडियम बाहेरून फसवतं, बराचसा भाग जमिनीच्या पातळीखाली आहे. दारातून आत गेल्यावर एकदम विहिरीच्या काठावर उभं राहिल्यासारखं होतं.

आत जाताना पिशवी शक्यतो नकोच. दोन्हीकडचे पिशव्यांचे नियम कडक आहेत, विद्यापीठाच्या साइटवर त्या वर्षीचे वाचून जा. पाठपिशवी घेऊन गेलात तर दारातून परत पाठवतील. फोन पूर्ण चार्ज हवा, तिकीट त्यातच आहे आणि लाख माणसांत नेटवर्क मरतं. ते आधीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत सोडत नाहीत. विद्यार्थ्यांच्या भागात जागा म्हणजे उभं राहायची जागा. सगळा सामना उभ्यानं.

हाफटाइमला २० मिनिटं मिळतात. सगळे स्वच्छतागृहाकडे धावतात. तुम्ही जाऊ नका. दुसरा क्वार्टर संपायला तीन मिनिटं असताना जाऊन या आणि हाफटाइमला बसून दोन्ही बँड बघा.

सामना संपल्यावर

जिंकलो तर लोक मैदानात धावतात. मोह होईल. कठडा उंच असतो, मागून रेटा येतो. पहिल्या वर्षी वरूनच बघा. हरलो तर वीस मिनिटं जागेवरून हलू नका. गर्दी मुकाट्यानं पांगते आणि तेवढ्यात दारं मोकळी होतात. पाहुण्या संघाच्या माणसाशी हात मिळवायला हरकत नाही, त्याच्या टोपीबद्दल बोलायला आहे. संध्याकाळी विद्यापीठालगतच्या गल्ल्यांमध्ये पोरं कधीकधी सोफे पेटवतात. तिकडे मोबाइल काढून चित्रीकरण करत उभे राहू नका, घरी जा.

घरी आल्यावर कोल्हापुरात फोन करायचा असेल तर घड्याळ बघा. इथले दुपारचे १२ म्हणजे भारतात रात्रीचे साडेदहा. सामना संपतो तेव्हा तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात. माझे बाबा जागे असतात. त्यांना अजून डाऊन म्हणजे काय ते कळलेलं नाही आणि शिकायचंही नाही. फोन उचलून ते एवढंच विचारतात, “आपली तालीम जिंकली का?”